पेन्सिलीने दिलेले मत

"मामू, इथे पेन्सिलीने मत देतात!" आमच्या भाचीचा हा फोन २०२४ च्या मे महिन्यातला. ती लँकेशायरच्या पूर्व भागात, बर्नली शहरापासून जवळच्याच एका गावात राहते. सासर मूळचे रायगडचे, पण दोन पिढ्यांपासून तिकडेच स्थायिक. पासपोर्ट मात्र तिचा अजून भारताचा. इकडे असताना तिला एकदाही मतदान करता आले नव्हते. लग्नाआधीचे नाव, लग्नानंतरचे नाव, वालिदांच्या नावातले स्पेलिंग, यातले काही ना काही यादीशी जुळायचे नाही. आणि तिकडे, परक्या मुलखात, तिने आयुष्यातले पहिले मत दिले.

आमचा पहिला प्रश्न साहजिकच होता: तुला तिथे मत कसे काय? तर ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क आहे. स्थानिक निवडणुकीत आहे आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने भारतीय पासपोर्टवर राहणारा विद्यार्थी, नर्स किंवा सून तिथे मतदारयादीत नाव घालू शकते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला आपल्या गावात मत द्यायचे तर त्याने विमानाने येऊन केंद्रावर हजर व्हावे असा नियम आहे. म्हणजे श्रीवर्धनच्या मुलीला श्रीवर्धनपेक्षा लँकेशायरमध्ये मत देणे सोपे. आम्हांला याचे हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले.

मतदान एका प्राथमिक शाळेत होते. दारात पोलीस नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही, यंत्रही नाही. टेबलामागे दोन कर्मचारी. नाव सांगायचे, ओळखपत्र दाखवायचे, एक कागद घ्यायचा आणि लाकडी आडोशामागे दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने एका नावापुढे फुली मारायची. घडी घालून पेटीत टाकायची. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत ही दारे उघडी असतात, कारण दिवस गुरुवारचा. सुट्टी नसते, लोक कामावरून येता-जाता मत देतात. किंवा देत नाहीत. स्थानिक निवडणुकीत तीनांपैकी एकच मतदार बाहेर पडला तरी तिकडे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

हे गाव आणि त्याच्या शेजारचे बर्नली आम्हांला तेव्हापासून खुणावू लागले. वाचकांपैकी ज्यांचे नातलग तिकडे आहेत त्यांना यातले काही ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

तिकडचा 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. आपल्या जिल्ह्यासारखी तिकडची काउंटी. लँकेशायर ही काउंटी, आणि तिच्यात बारा डिस्ट्रिक्ट, म्हणजे जवळपास आपले तालुके. १९७२ च्या कायद्याने ही रचना ठरली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. शाळा, मोठे रस्ते, वृद्धांची देखभाल, ग्रंथालये हे काउंटीकडे. कचरा, घरबांधणीच्या परवानग्या, बागा, परवाने, कब्रस्तान हे डिस्ट्रिक्टकडे. बर्नली हा असाच एक डिस्ट्रिक्ट. बर्नली शहर, शेजारचे पॅडिहॅम आणि भोवतालची खेडी मिळून वस्ती साधारण ९५ हजार. प्रभाग १५, प्रत्येकात तीन नगरसेवक, एकूण ४५. हिशेब केला तर सुमारे दोन हजार माणसांमागे एक नगरसेवक पडतो. मुंबईत २२७ नगरसेवक, म्हणजे एकाच्या वाट्याला पन्नास हजारांवर लोक. आपल्या नगरसेवकाला चेहऱ्याने ओळखणारे मुंबईकर किती निघतील?

आणखी एक गंमत. ४५ जागांची निवडणूक एकदम होत नाही. दरवर्षी एक तृतीयांश जागा, अशी तीन वर्षे, आणि चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक. म्हणजे लोकांना जवळपास दर मे महिन्यात कौल देता येतो. आपल्याकडे २०२२ मध्ये मुदत संपूनही कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले, ते आठवून आम्ही गप्प बसलो. उमेदवाराला एक सूचक, एक अनुमोदक पुरतो. अनामत रक्कम नाही. मात्र स्त्रियांसाठी राखीव जागा नाही. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, ही गोष्ट भाचीने शेजारणीला सांगितली तेव्हा त्या बाईंना ती खरी वाटेना.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना बर्नली परके वाटणार नाही. ते लूमचे गाव. पहिल्या महायुद्धाआधी तिथे लाखाच्या घरात माग चालत आणि साधे, स्वस्त कापड आगबोटींत भरून हिंदुस्थानात येई. मग मुंबईच्या गिरण्या, स्वदेशीची चळवळ आणि जपानचे कापड, या तिघांनी मिळून त्या मागांचा आवाज मंद केला. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले, ते याच पट्ट्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या गिरण्या तगल्या त्यांना रात्रपाळीसाठी माणसे हवी होती. गोरे कामगार रात्रपाळी धरायला नाखूश. तेव्हा पाकिस्तानी पंजाब, मंगला धरणाने विस्थापित केलेला मीरपूरचा मुलूख आणि आजच्या बांगलादेशातले सिल्हेट इथून तरुण लँकेशायरच्या गिरणगावांत येऊ लागले. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाले उठले की त्याच गादीवर रात्रपाळीवाले. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांसारखेच. पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसे राहिली. बर्नलीत ती मुख्यतः डेन्सहाउस आणि स्टोनीहोम या भागांत राहिली.

आता अशा वस्तीला डिस्ट्रिक्टच्या नगरसेवकाचे काम कुठे कुठे पडते ते पाहा. गिरणी गेल्यावर पुष्कळांनी टॅक्सी धरली. टॅक्सीचा परवाना डिस्ट्रिक्ट देते. कोणी खाद्यपदार्थांचे दुकान काढले, त्याच्या स्वयंपाकघराची तपासणी डिस्ट्रिक्टचे अधिकारी करतात. कुटुंब वाढले, भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर खोली काढायची, तर परवानगी डिस्ट्रिक्टची. मशिदीला वुजूखाना वाढवायचा, परवानगी डिस्ट्रिक्टची. मागच्या गल्लीतला कचरा उचलला नाही, डिस्ट्रिक्ट. आणि शेवटी माणूस वारला तर कब्रस्तानही त्यांचेच. मय्यत त्याच दिवशी दफन व्हावी असे आपल्याला वाटते, आणि मृत्यू काही शनिवार-रविवार पाहून येत नाही. सुट्टीच्या दिवशी कबर खोदायला माणूस मिळेल का, कागदपत्रावर सही करायला कोणी असेल का, असल्या प्रश्नाला रात्री अकरा वाजता फोन उचलणारा नगरसेवक लागतो. मोहल्ल्यातल्या लोकांना निवडणुकीचे मोल कळते ते अशा रात्री. जाहीरनामे कोणी वाचत नाही.

बर्नलीच्या मतपेटीने एकदा फार वाईट दिवस दाखवले, तेही सांगायला हवे. २००१ च्या उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडच्या गिरणी शहरांत दंगली झाल्या. मेअखेर ओल्डहॅम, जूनमध्ये बर्नली, जुलैमध्ये ब्रॅडफर्ड. बर्नलीत एका आशियाई टॅक्सीचालकावर हातोड्याने हल्ला झाला आणि त्यानंतर दोन-तीन रात्री दुकाने फुटली, एक पब पेटला. दोन्ही बाजूंची पोरे रस्त्यावर होती. चौकशी झाली, अहवाल आले. टेड कँटल यांच्या अहवालातला 'समांतर आयुष्ये' हा शब्दप्रयोग तेव्हापासून गाजतो: एकाच शहरात राहणारे, पण शाळा वेगळी, कामाची जागा वेगळी, कट्टा वेगळा.

बर्नलीच्या गोऱ्या वस्त्यांत त्या काळी एक कुजबुज पसरली होती. नगरपरिषदेचा सगळा पैसा म्हणे डेन्सहाउसवर खर्च होतो. तो भाग शहरातल्या सर्वांत दरिद्री भागांपैकी होता म्हणून सरकारी योजना तिथे आल्या, हे साधे उत्तर. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. आणि खरे सांगायचे तर इतर वस्त्यांतही घरे ओस पडली होती, त्यांचेही दुःख खोटे नव्हते. २००२ च्या मे महिन्यात प्रभागरचना बदलल्यामुळे सगळ्या ४५ जागा एकदम लढवल्या गेल्या आणि ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशवादी पक्षाचे तीन उमेदवार निवडून आले. पुढल्या वर्षी त्यांचे संख्याबळ आठवर गेले. नगरपरिषदेत तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला. देशभरातले वार्ताहर बर्नलीत उतरले.

मग काय झाले? कोणी चमत्कार केला नाही. ती माणसे निवडून आल्यावर त्यांना सभेला बसावे लागले, कचऱ्यावर आणि घरपट्टीवर बोलावे लागले, आणि तिथे त्यांची झाकली मूठ उघडली. एकाला तर पहिल्याच वर्षात राजीनामा द्यावा लागला आणि पोटनिवडणुकीत ती जागा गेली. इतर पक्ष ज्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे फिरकले नव्हते तिथे पुन्हा दारे ठोठावू लागले. दरवर्षी निवडणूक असल्याने चुकीची दुरुस्ती करायला पाच वर्षे थांबावे लागले नाही. दहाएक वर्षांत तो पक्ष सभागृहातून नाहीसा झाला. पण राग पुरता विझला असे म्हणवत नाही. २०२५ च्या मेमध्ये लँकेशायर काउंटीच्या ८४ पैकी ५३ जागा स्थलांतराविरुद्ध प्रचार करणाऱ्या रिफॉर्म पक्षाने जिंकल्या. हा पक्ष त्या जुन्या पक्षासारखा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण भाचीच्या घरात त्या निकालाच्या रात्री फारसे कोणी बोलले नाही.

इथपर्यंतची गोष्ट सांगणे सोपे होते, कारण दोष दुसऱ्यांचा होता. आता आपल्या घरात येऊ.

इंग्लंडात २००१ पासून कोणालाही कारण न देता टपालाने मत देता येते. अर्ज केला की मतपत्रिका घरी येते. म्हातारी माणसे, आजारी, लेकुरवाळ्या बाया, रात्रपाळीवाले यांची मोठीच सोय. पण जी मतपत्रिका घरी येते ती दिवाणखान्यातल्या मेजावर येते, आणि त्या मेजाशी कोण बसते हे वेगळे सांगायला नको. भाचीच्या सासरी वर्षानुवर्षे हाच रिवाज होता. सासरे चष्मा लावून बसत. घरात पाच मते. पाचही लिफाफे ते फोडत, पाच फुल्या मारत आणि सह्या तेवढ्या ज्याच्या त्याच्याकडून घेत. ते वाईट मनुष्य नाहीत. बिरादरीतल्या कोणाला तरी शब्द दिलेला असे आणि शब्द पाळणे त्यांना इमानाचे काम वाटे. सासूबाई तीस वर्षे 'मतदार' होत्या, पण मतपत्रिकेवर कोणाची नावे असतात हे त्यांनी कधी वाचले नव्हते.

कायद्याच्या नजरेत हा गुन्हा आहे. आणि हे प्रकरण घरातल्या मेजाशीच थांबले नाही. २००४ च्या बर्मिंगहॅमच्या निवडणुकीत टपाली मतांची एवढी लबाडी झाली की २००५ च्या एप्रिलमध्ये दोन प्रभागांचे निकाल रद्द झाले. त्याच सुमारास ब्लॅकबर्नमध्ये टपाली मतांच्या घोटाळ्याबद्दल एक नगरसेवक तुरुंगात गेला. खुद्द बर्नलीत, त्याच डेन्सहाउस-स्टोनीहोममध्ये, २००४ च्या निवडणुकीत दुसऱ्यांच्या नावे खोटी मुखत्यार मते दिल्याबद्दल नगरसेवकांना शिक्षा झाल्या. नावे आपल्याच लोकांची होती. ज्यांनी दारोदार फिरून विश्वास संपादन केला, त्यांनीच दाराशी आलेले लिफाफे गोळा केले. विरोधकांच्या हाती याहून मोठे कोलीत कोणते द्यायचे होते? आजही तिकडे कोणी मुसलमान उमेदवार निवडून आला की कुठून तरी 'टपाली मते मोजा' अशी कुत्सित हाक येते. प्रामाणिक माणसाला तिचा किती त्रास होतो हे आम्ही ऐकले आहे.

पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. तिथल्या महापौरांची २०१४ ची निवडणूक २०१५ च्या एप्रिलमध्ये न्यायाधिकाऱ्याने रद्द केली आणि त्यांना पाच वर्षे उभे राहण्यास बंदी घातली. अनेक आक्षेपांपैकी एक असा, की १०१ इमाम व विद्वानांच्या सहीचे पत्र एका बंगाली साप्ताहिकात छापून आले आणि त्याने मतदारांवर धार्मिक दडपण आणले. हे कलम मुळात मुसलमानांसाठी नव्हते. १८९२ मध्ये आयर्लंडच्या मीथमध्ये कॅथलिक बिशपचे पत्र चर्चमध्ये वाचले गेले आणि तिथल्या निवडणुका रद्द झाल्या, त्या जुन्या प्रकरणाचा आधार घेतला गेला. निकालावर पुष्कळ टीका झाली. एकविसाव्या शतकातल्या बंगाली मतदाराला एकोणिसाव्या शतकातला भाबडा शेतकरी समजणे अपमानास्पद आहे असे म्हणणारे होते, आणि त्यांचे म्हणणे आम्हांला अगदीच चुकीचे वाटत नाही. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये तेच गृहस्थ, लुत्फर रहमान, पुन्हा महापौर म्हणून निवडून आले. पण इमामाने कोणाला मत द्यावे ते सांगावे का, हा प्रश्न त्या विजयाने सुटत नाही. मालेगावातही नाही, मुंब्र्यातही नाही.

कायदा मात्र हळूहळू घरातल्या मेजापर्यंत पोहोचला. पूर्वी कुटुंबप्रमुख एक फॉर्म भरून सगळ्या घराची नावे यादीत घाली. २०१४ पासून प्रत्येकाने आपले नाव स्वतः नोंदवायचे. टपाली मताबरोबर सही आणि जन्मतारीख जुळवून पाहिली जाते. २०२३ च्या मेपासून केंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र लागते. त्याच महिन्यात आणखी एक कायदा झाला: मतदान करताना दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून त्याच्या मतावर प्रभाव टाकणे हा गुन्हा. नवऱ्याने बायकोबरोबर आडोशामागे जाऊ नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. बुरखा-निकाब घेणाऱ्या बाईला चेहरा दाखवायचा तर वेगळा आडोसा आणि स्त्री कर्मचारी मागता येते. आणि २०२४ पासून प्रचार करणाऱ्याने दुसऱ्यांचे लिफाफे हातातच घ्यायचे नाहीत.

याच काळात बर्नलीच्या सभागृहात एक वेगळीच घटना घडली. २०२३ च्या नोव्हेंबरात नगरपरिषदेचे नेते अफ्रासियाब अन्वर आणि त्यांच्याबरोबर दहा नगरसेवकांनी लेबर पक्ष सोडला. कारण गाझा. पक्षाचे नेते कीर स्टार्मर युद्धबंदीची मागणी करायला तयार नव्हते. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या पेंडल भागातल्या वीस नगरसेवकांनीही तेच केले. मे महिन्यात ओल्डहॅममध्ये लेबरचे बहुमत गेले. 'कचऱ्याच्या डब्यांचा आणि गाझाचा काय संबंध?' असे विचारणारे पुष्कळ होते. प्रश्न अगदी वेडगळ नाही. नगरपरिषदेच्या ठरावाने बाँब थांबत नाही. पण ज्या पक्षाला आई-बापांनी पन्नास वर्षे डोळे झाकून मत दिले, त्याला आपले मत गृहीत धरू नका असे सांगायची दुसरी जागा त्या लोकांकडे कोणती होती? पार्लमेंट दूर, नगरसेवक गल्लीच्या तोंडाशी. आम्हांला यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ही बंडखोरी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवली नव्हती. भाचीच्या घरात तिची नणंद, कॉलेजात जाणारी पोरगी, पहिल्यांदा म्हणाली की अब्बा, माझा लिफाफा मी भरीन.

वाद झाला. दोन दिवस घरात अबोला होता. सासऱ्यांचे म्हणणे असे की मी शब्द दिला आहे. मुलीचे म्हणणे असे की तुम्ही तुमच्या मताचा दिला असेल, माझ्या नाही. सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. चहा करत राहिल्या.

या डिस्ट्रिक्टांचे पुढे काय होणार हाही प्रश्न आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुपदरी रचना मोडायचे जाहीर केले. त्या बेतानुसार बर्नलीसारख्या छोट्या नगरपरिषदा मोठ्या संस्थांत विलीन व्हायच्या आहेत. खर्च वाचेल म्हणतात. वाचेलही. पण दोन हजार माणसांमागे एक नगरसेवक राहणार नाही, आणि रात्री अकरा वाजता कब्रस्तानासाठी फोन कोणाला करायचा हे पुन्हा नव्याने शोधावे लागेल.

भाचीच्या त्या फोनवर आम्ही शेवटी विचारले, मग सासूबाईंच्या लिफाफ्याचे काय झाले? ती हसली. सासूबाईंनी या वेळी टपालाचा अर्जच केला नव्हता. कोणाला काही न बोलता त्यांनी टपाली मत रद्द करून घेतले होते; अर्ज नणंदेने भरून दिला. मतदानाच्या दिवशी असरची नमाज झाल्यावर त्यांनी कोट चढवला, पर्समध्ये वृद्धांसाठीचा मोफत बसपास ठेवला, कारण ओळखपत्र म्हणून तो चालतो हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते, आणि सुनेला म्हणाल्या, चल, मला शाळेचा रस्ता दाखव. आडोशामागे त्या बराच वेळ होत्या. दोन्ही कर्मचारी एकमेकांकडे पाहू लागले. बाहेर आल्यावर भाचीने विचारले, इतका वेळ काय करत होता? त्या म्हणाल्या, नावे वाचत होते. किती लोक उभे असतात गं!

कोणाला मत दिले ते त्यांनी सुनेला सांगितले नाही. सासऱ्यांनाही नाही.